माझा मोत्या चहा पितो

कुत्र्यांच्या दवाखान्यात तुम्ही कितीही झाडू मारा, संध्याकाळी कोपऱ्यात केसांचा एक गोळा निघतोच. किस्स्यांचंही तसंच आहे. मी काही शोधायला जात नाही, ते आपोआप माझ्या स्टुलाखाली साठतात. आज म्हटलं, चला, एकदा केर भरून टाकू.

तर मी आचोळ्याला एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नंबर देते. दारात माझं स्टूल. आलेल्याला पुठ्ठ्याचा नंबर द्यायचा, मांजरवाल्याला कुत्रेवाल्यापासून लांब बसवायचं, आणि कुणी बाकाशी पाय वर केला तर फडकं मारायचं. शाळा माझी चौथीपर्यंत. पण या कामाला पन्नासपर्यंत आकडे आले की पुरे. पन्नासच्या वर कुत्रे एका दिवसात येत नाहीत!

येणाऱ्यांत निम्म्यांची एकच तक्रार. "खाजवतो हो सारखा!" आता का खाजवतो, ते शोधायची डॉक्टरीणबाईंची एक रीत आहे. आधी बारीक फणी फिरवून पिसवा बघायच्या. मग कातडी जराशी खरवडून काचेखाली धरायची, खरूज आहे का ते बघायला. मग विचारायचं, आंघोळ कशाने घालता? आणि सगळ्यात शेवटी, खायला काय घालता?

फणी आणि काच खोटं बोलत नाहीत. पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र माणसं देतात! तिथून माझं काम सुरू होतं.

*

एकदा एव्हरशाईन सिटीतल्या एक बाई आल्या. साडी कडक इस्त्रीची, आणि कुत्रा साडीहून इस्त्रीचा. पांढराशुभ्र, केसाळ, डोक्यावर गुलाबी क्लिप. फक्त शेपटीच्या मुळाशी चावून चावून त्याने स्वतःला टक्कल पाडलेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिसवा असतील."

"शक्यच नाही!" बाई म्हणाल्या. "आम्ही सातव्या मजल्यावर राहतो."

जशी काही पिसवांना गुडघेदुखी असते, जिने चढवत नाहीत!

डॉक्टरीणबाईंनी फणी फिरवली. काळे काळे कण पडले. बाई म्हणाल्या, "बघा, धूळ आहे नुसती." डॉक्टरीणबाईंनी ते कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले आणि थांबल्या. दोन मिनिटांत प्रत्येक कणाभोवती लाल लाल पसरायला लागलं.

"हे रक्त आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या कुत्र्याचं. पिसवा पितात आणि मागून असं टाकतात."

बाईंचा चेहरा क्लिपसारखा गुलाबी झाला. "पण... सातव्या मजल्यावर आल्या कशा?"

मी दारातून म्हटलं, "बाई, तुमच्याकडे लिफ्ट आहे ना?"

*

माणसं डॉक्टरसमोर खोटं का बोलतात, देव जाणे. मनाने वाईट नसतात. पण समोर पांढरा कोट दिसला की शाळेत गृहपाठ विसरल्यासारखं होतं त्यांना.

पहिल्या पहिल्या दिवसांत एक आजी आली, माझ्याच वयाची. सोबत गलेलठ्ठ पग, खाजवून खाजवून कान सुजलेले. आत डॉक्टरीणबाईंनी चारदा विचारलं. आजी चारही वेळा म्हणाली, "फक्त ते पाकिटातलं खाणं. दुसरं काही नाही."

औषध बांधून होईपर्यंत ती बाहेर माझ्याशेजारी बसली. मला काय सुचलं कोण जाणे! मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "आत सांगू नका हं, पण माझा मोत्या तर रोज चहा पितो. बशीतून."

आजीचे डोळे चमकले. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "आमचा खारी बुडवून खातो. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. रविवारी मटणाचा रस्सा. सून ऑफिसला गेली की मी आणि तो, दोघं मिळून जिलेबी."

मी आतल्या बाजूला तोंड करून म्हटलं, "बाई, कागद घ्या. लिहायचं आहे!"

आता तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. माझ्याकडे कुत्रा नाही. जन्मात कधी नव्हता. आमच्या खाडीकडच्या घरी बैल होते, कोंबड्या होत्या, एक रेडा होता. मोत्या त्या दिवशी त्या बाकावर जन्मला.

पण एकदा जन्मला तो वाढतच गेला. लोक आले की विचारायचे, "मावशी, मोत्या कसा आहे?" एकीने त्याला स्वेटर विणून दिलं. ते मी थंडीत गुडघ्याला घालते.

*

एक गृहस्थ यायचे विरारहून, मोठा लॅब्राडोर घेऊन. कुत्र्याची कातडी सुक्या बोंबलासारखी झालेली, खाजवलं की कोंडा उडायचा. पिसू नाही, खरूज नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आंघोळ?

"रोज!" गृहस्थ छाती काढून म्हणाले. "रोज गरम पाण्याने. आणि माझ्याच शॅम्पूने. कुत्र्यांचा असला-तसला नाही वापरत मी. गेली वीस वर्षं मी स्वतः रोज तोच लावतो."

असं म्हणून त्यांनी अभिमानाने डोक्यावरून हात फिरवला.

डोक्यावर एक केस नव्हता. ट्यूबलाईट दिसत होती त्यात.

डॉक्टरीणबाईंनी पटकन खाली वाकून काहीतरी लिहायला घेतलं. मी म्हटलं, "साहेब, कुत्र्याचे अजून शिल्लक आहेत. घाई करा!"

*

एकदा दारात चक्क पिवळा कुत्रा उभा राहिला. नाकापासून शेपटीपर्यंत पिवळा. मी मालकाला विचारलं, "जेजुरीला जाऊन आलात का?"

"नाही हो मावशी, खाजवतो म्हणून हळद लावलीय. आमच्या आईने सांगितलं."

आत घेऊन डॉक्टरीणबाईंनी हळद धुतली. खाली निघाला कडुनिंबाच्या पाल्याचा लेप, तो सासूबाईंनी सांगितलेला. तो धुतला. खाली निघालं कापूर घातलेलं खोबरेल, तो शेजाऱ्यांचा उपाय. ते पुसलं. खाली बिचारी भाजलेली लाल कातडी. हळूहळू शोधत डॉक्टरीणबाई कानापर्यंत पोचल्या, कानाची घडी उलगडली, आणि चिमट्याने बाहेर काढली...

एक गोचीड.

अख्ख्या खानदानाने मिळून एका गोचिडीवर मांडव घातला होता!

*

मी नंबर देताना कुत्र्याकडे बघतच नाही. आधी माणसाकडे बघते. एक जोडपं आलं, मांडीवर छोटं पिल्लू. पिल्लू खाजवतंय ते खाजवतंय, पण नवराही बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, मध्येच शर्टात हात घालून. बायकोने कोपर मारलं की दोन मिनिटं थांबायचा, परत सुरू.

मी त्यांना दोन नंबर दिले.

"मावशी, एकच कुत्रा आहे."

"एक त्याचा," मी म्हटलं, "आणि एक यांचा."

काचेखाली खरूज दिसली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, पिल्लाला उराशी घेऊन झोपता, म्हणून तुम्हालाही आलीय. चामडीच्या डॉक्टरकडे जा, मी दोन पायांचं बघत नाही.

नवरा अडखळत म्हणाला, "म्हणजे... त्याचंच औषध मला चालणार नाही का?"

बायको म्हणाली, "चालेल ना! आधी गळ्यात पट्टा घाल, मग मिळेल."

*

आता बापूंचं सांगते. हा किस्सा जरा मोठा आहे, पण ऐका.

बापू म्हणजे साताऱ्याकडचे, रिटायर झालेले, एव्हरशाईनला पाचव्या मजल्यावर मुलगा-सुनेबरोबर राहतात. त्यांचा बाळू, साधा तांबूस गावठी कुत्रा. बापूंच्या बायकोने पिल्लू असताना बिल्डिंगखालून पदरात उचलून आणलेला. ती गेली, बाळू राहिला. बापू त्याच्याशी बोलताना 'तुझी आई' असं म्हणतात, आणि मग खिडकीबाहेर बघतात.

हा बाळू पोट, काखा, पंजे, कान, सगळं खाजवायचा. खाजवताना मागचा पाय फरशीवर आपटायचा. ठप ठप ठप! खालच्या मजल्यावरची बाई एकदा वर येऊन विचारून गेली, "तुम्ही दिवसभर लसूण ठेचता का हो?"

सून नेहा, घरातूनच ऑफिसचं काम करायची. कानाला फोन आणि मागे ठप ठप. त्यात तिला सहावा महिना. तिने एक दिवस सांगून टाकलं, "बाळ यायच्या आत हा बरा झाला तर ठीक. नाहीतर वाड्याला पाठवायचा." नवऱ्याच्या मित्राचं तिथे, वाडा गावात, फार्महाऊस आहे.

बापू माझ्याशेजारी बसून हे सांगत होते तेव्हा बाळूचा पट्टा त्यांनी हाताला दोन वेढे घालून धरला होता. जसा कुणी आत्ताच ओढून नेणार होतं.

फणी झाली. काच झाली. आंघोळ झाली. सगळं साफ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग खाण्यातलं काहीतरी बाधतंय. बापू, याने जन्मात कधीच खाल्लं नाही असं काय आहे?"

"मासा," बापू म्हणाले. "आमच्या घरात येतच नाही."

"मग आठ आठवडे फक्त उकडलेला मासा आणि रताळं. बाकी एक कणसुद्धा नाही. एक कण गेला तरी सगळी मेहनत फुकट."

बापू नाकाला रुमाल लावून मासळीबाजारात गेले. कोळणीला म्हणाले, "बाई, कुत्र्यासाठी चांगला मासा कुठला?"

कोळीण उभी राहिली. "मेल्या! सकालपासून पानी मारून मारून ताजा ठेवला तो काय कुत्र्यासाठी? तुझ्या घरात मानसं नाय काय?"

बापू हात हलवत माझ्याकडे आले. मी शिकवलं, "पाहुण्यांसाठी पाहिजे म्हणा. बांगडा मागा. काटे तेवढे नीट काढा."

दुसऱ्या दिवशी बापू गेले. "पाहुण्यांसाठी बांगडा द्या. काटे काढून, मीठ न घालता उकडणार आहे."

कोळीण म्हणाली, "पाव्हन्याला दात नाय काय?"

"दात आहेत," बापू म्हणाले. "पण तो चार पायांवर चालतो."

बघा! असा माणूस. याला खोटं बोलता येत नाही म्हणजे नाहीच.

*

बापूंनी पथ्य असं पाळलं की माणसं डायबिटीसचं पाळत नाहीत. बिस्किटांचा डबा कुलपात. बाळूच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, 'मी पथ्यावर आहे. खायला देऊ नये.'

एकादशीला लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. पाटी वाचली, विचारलं, "काय खातो मग?"

"रताळं," बापू म्हणाले. बांगड्याचं एकादशीला कसं सांगणार!

काकूंनी बाळूला हात जोडले. "अगंबाई! उपास करतो? आणि माणसं बघा!" आणि डब्यातला साबुदाणा वडा काढून त्याच्या तोंडात घातला.

बापूंनी कोपरापर्यंत हात घालून तो बाहेर काढला. काकू अजून सगळ्यांना सांगतात, बापू भुकेल्या उपाशी कुत्र्याच्या तोंडचा घास काढतात.

पण इतकं करून सहा आठवडे झाले तरी ठप ठप चालूच! डॉक्टरीणबाई बुचकळ्यात. "बापू, नक्की काही जात नाही ना?"

"माझ्या हातून नाही. घरात कुणी त्याला काही खायला देत नाही. मी सगळ्यांना विचारलंय."

मी त्यांच्यावर मोत्या सोडला नाही. बापूंवर मोत्या सोडणं म्हणजे देवळात फटाका लावणं.

*

त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी बापू आलेच नाहीत. नेहा आली. एवढं मोठं पोट सांभाळत, एका हातात बाळूचा पट्टा.

"बाबांना बरं नाहीये," म्हणाली. "खरं म्हणजे त्यांना यायचं नव्हतं. रविवारी वाड्याची गाडी येतेय. तिकडे लागणारी औषधं लिहून घ्यायला आलेय."

बोलताना ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. पण तिचा हात बाळूच्या डाव्या कानामागे चालला होता. नेमका तिथेच, जिथे त्याला सगळ्यात जास्त खाज यायची. मी मनात म्हटलं, हे काय? ज्याला कुत्रा नको असतो, त्याच्या हाताला ती जागा कशी माहीत?

मी मोत्याला बाहेर काढला.

"आत सांगू नकोस हं पोरी, पण माझा मोत्या चहा पितो."

"हो का?" नेहा म्हणाली. "आमच्याकडे नाही चालत असलं."

"खारी खातो."

"आम्ही नाही देत."

"परवा त्याने अख्खी पुरणपोळी खाल्ली."

"मावशी, तुम्ही त्याला मारून टाकाल!"

मोत्याची सगळी पापं संपली! मी हरले. तेवढ्यात दिवेलागण झाली म्हणून उठले, दवाखान्यातल्या गणपतीच्या फोटोपुढे दिवा लावला आणि घंटा वाजवली.

बाळू ताडकन उठला. फोटोखाली जाऊन ताठ बसला, पुढचे पंजे जुळवून. आणि जिभेने नाक चाटायला लागला.

मी नेहाकडे बघितलं. ती कौतुकाने त्याच्याकडे बघत होती.

मी हळूच म्हटलं, "मोत्यापण असाच बसतो. प्रसाद मिळाल्याशिवाय हलत नाही."

"हापण!" नेहा म्हणाली. "रोज! बाबा खाली कट्ट्यावर गेले की मी दिवा लावते, आणि हा माझ्याशेजारी. दूध-साखरेचा नैवेद्य दाखवते, अर्धी वाटी मी घेते, अर्धी याची. तेवढाच वेळ शांत बसतो बिचारा. त्याचे हाल बघवत नाहीत हो मला. म्हणून तर म्हटलं, तिकडे मोकळ्या हवेत तरी..."

तिने बाळूचं डोकं जवळ ओढलं.

"अगं, पण पाटी वाचलीस ना तू त्याच्या गळ्यातली? खायला देऊ नये?"

नेहाने माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी. "मावशी, खायला कुठे देते मी? प्रसाद आहे तो!"

आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. एका हातात ग्लोव्ह तसाच. त्यांनी स्टूल ओढलं, नेहासमोर बसल्या, आणि अगदी हळू विचारलं, "नेहा, तुमच्या देवाला रताळं चालतं का?"

नेहा विचारात पडली. "उपासाला चालतं."

"मग आजपासून देवही पथ्यावर. दूध बंद!"

नेहाने बाकावर बसल्या बसल्याच वाड्याला फोन लावला. म्हणाली, "रविवारी गाडी नको."

*

पुढच्या पाच आठवड्यांत त्या घरी देवाने जेवढं रताळं खाल्लं, तेवढं कुठल्या महाशिवरात्रीला खाल्लं नसेल. आणि ठप ठप कमी कमी होत एक दिवस थांबलं. इतकं थांबलं की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. "सगळं बरं आहे ना? लसणाचा आवाज नाही आला म्हणून विचारायला आले."

नेहाला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं द्यायला बापू स्वतः दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईंना दिलं, मला दिलं, आणि हात जोडून म्हणाले, "मावशी, मोत्याला घेऊनच यायचं. नेहाने खास सांगितलंय. त्याच्यामुळे आमचा बाळू राहिला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो, येईल ना मोत्या! मलापण बघायचाय." चेहऱ्यावर एक रेष नाही! त्यांना सगळं माहीत होतं, पहिल्या खारीपासून.

आता काय करता? आमच्या बिल्डिंगखाली वडापावच्या गाडीशी एक काळा कुत्रा पडलेला असतो. त्याला अर्धा पाव दाखवला, गळ्यात लाल रिबीन बांधली, आणि रिक्षात घातला. वाटेत दहा वेळा कानात सांगितलं, "तू मोत्या आहेस. चहा पितोस."

बारशाला पाचव्या मजल्यावरचा त्यांचा हॉल भरलेला. मधोमध पाळणा, पाळण्याखाली बाळू, नवीन केस आलेला, तुकतुकीत. नेहाने मोत्याला बघून डोळे पुसले. त्याला बाळूशेजारीच बसवलं, मानाने. दोघं अंगाला अंग लावून आडवे झाले. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायला वाकून तोंड नेलं. सगळे चिडीचूप.

ठप ठप ठप.

बाळू!

बापूंच्या हातातली घुगऱ्यांची वाटी तिरकी झाली. वाड्याचा तो मित्रही आलेला होता. हसत म्हणाला, "काय वहिनी, गाडी आणू का?"

"तुमच्या गाडीत तुम्हीच बसा!" नेहा म्हणाली. "बाळू कुठेही जाणार नाही."

आणि मग ती, बापू, आत्या, खालच्या मजल्यावरची बाई, सगळे हळूहळू मोत्याकडे बघायला लागले. कारण मोत्याही खाजवत होता. दोन्ही पायांनी.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे पर्समधून फणी काढली. कुणाकडून तरी ओला पांढरा कागद मागितला. मोत्याच्या पाठीवरून एकदाच फणी फिरवली, कागदावर झटकली, आणि कागद माझ्या नाकासमोर धरला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सगळा लाल!

"मावशी," त्या म्हणाल्या, "मोत्याच्या अंगावर पिसवा?"

मी पदर सारखा केला.

"छे! आमच्या मोत्याला? शक्यच नाही. आत्ता यांच्या लिफ्टमध्ये लागल्या असतील!"